अंघोळीआधी कोरडा ब्रश: कोणता, किती आणि कसा?

मृगजळ | शनिवार, सकाळी ९:१०

पुण्यात नोव्हेंबर लागला की पोटऱ्यांवर नखानं नाव लिहिता येईल इतकी कातडी कोरडी पडते. त्यावर उपाय म्हणून सध्या जो तो अंघोळीआधी कोरड्या अंगावर ब्रश फिरवायला सांगतोय. करून बघायचा विचार आहे, पण सूचना एकमेकींशी जुळत नाहीत. कुणी रोज म्हणतं, कुणी आठवड्यातून एकदा. कुणी आधी तेल, कुणी नंतर. ब्रश कुठल्या केसांचा घ्यायचा? दाब किती? आणि अंगातली विषद्रव्यं निघून जातात, लसिका (लिम्फ, ऊतींमधून रक्तात परत जाणारा द्रव) वाहती होते, मांड्यांवरच्या खळ्या जातात, यातलं खरं किती?

"छान वाटतं, करून बघा" एवढंच लिहू नका प्लीज. नेमकं सांगा.

तिरकीरेघ | शनिवार, सकाळी ९:२१

वेगळा ब्रश कशाला? पेठेतल्या कुठल्याही दुकानात दुपारी दीड वाजता जाऊन "हे जरा बदलून द्याल का" एवढं विचारा. सगळी मृत त्वचा जागच्या जागी निघते.

दोरखंड | शनिवार, सकाळी १०:०५

ब्रशबद्दल सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

पाठीवर 'सिसल' छापलेलं असतं ते म्हणजे आपलं घायपात. बांधावर, रेल्वेच्या कडेला काटेरी पानांचा जो गड्डा दिसतो, त्याच्या पानांतून निघालेला वाख. ताठ, खरखरीत आणि स्वस्त. 'टॅम्पिको' हाही मेक्सिकोतल्या घायपाताच्याच एका भावंडाचा वाख, पण तार बारीक आणि जास्त लवचिक. पहिल्यांदाच घेत असाल तर टॅम्पिको घ्या. काथ्याचा घेऊ नका. तो फरशीसाठी ठीक आहे, कातडीसाठी नाही. स्वस्त नायलॉनच्या तारांची टोकं तिरकी कापलेली असतात, भिंगातून पाहिलं तर सुया दिसतात. टोकं गोल केलेलं चांगलं नायलॉन मिळतं, पण ते दुकानात उभं राहून ओळखणं कठीण.

तारांची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर हवी. आखूड तार म्हणजे कडक ब्रश, मग वाख कितीही मऊ असो. दुकानात मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. टोचलं तर ठेवून द्या, "वापरून मऊ होतो" या आश्वासनावर घेऊ नका. होतो, पण थोडाच. फार कडक वाटला तर नुसती टोकं कोमट पाण्यात दहा मिनिटं धरून वाळवायची, जरा नरम पडतात. एखाद-दोन तारा सुरुवातीला गळणारच. चिमटीत धरून ओढल्यावर झुबकाच हातात आला तर मात्र ब्रश परत करा.

वाख खरा की प्लास्टिक हे बघायला एक तार उपटून चिमट्यात धरून जाळा. वाख कागदासारखा जळून राख होते. नायलॉन वितळून टोकाला कडक मणी होतो. जळक्या केसांचा वास आला तर तो प्राण्याचा केस.

मृगजळ | शनिवार, सकाळी १०:१४

प्राण्याचा म्हणजे? एका ठिकाणी 'बोअर ब्रिसल' लिहिलंय.

खडकवासला_फुल्ल | शनिवार, सकाळी १०:१६

घेऊन टाका. आमच्या वाघोलीत सगळं बोअरचंच आहे, ब्रश तेवढा राहिला होता.

दोरखंड | शनिवार, सकाळी १०:३०

:-) डुकराचे केस. घरात चालत नसेल तर आधीच बघून घ्या, कारण पाकिटावर 'नैसर्गिक तंतू' एवढंच मोघम छापलेलं असतं. तंतू चांगला आहे, मऊ आहे, त्यात वाद नाही. पण पावसाळ्यात वाखापेक्षा सावकाश वाळतो आणि ओला राहिला की वास मारतो.

सांडगे_पापड | शनिवार, सकाळी ११:४०

एवढा खटाटोप नको असेल तर जुना, धुवून धुवून खरखरीत झालेला सुती पंचा घ्या. घडी करून तळहातावर गुंडाळा आणि कोरड्या अंगावर फिरवा. टोचत नाही, दर आठवड्याला उकळून धुता येतो, आणि फाटला की पुसणं होतं. नवीन सोलापुरी टॉवेल मात्र उपयोगाचा नाही, त्याचे फुगीर फासे अंगावरून नुसते घसरतात.

टाचांना ब्रश लावू नका, तिथली कातडी त्याला दाद देत नाही. तिथे वजरीच, तीही पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवल्यावर.

पाऊणशेर | शनिवार, दुपारी १२:१५

कृती लिहिते, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात.

अंग पूर्ण कोरडं हवं. घाम असेल तर आधी पुसून पाच मिनिटं पंख्याखाली थांबा. ओलसर कातडीवर तार घसरत नाही, अडकते, आणि सालटं निघतं. जुन्या चादरीवर उभं राहा, बाथरूमच्या ओल्या फरशीवर नको. कोंडा खाली पडतो तो दिसतो, आणि पायही घसरत नाही.

दांडा मुठीत धरू नका. चमच्यासारखा चिमटीत धरा. मुठीत धरलं की दाब आपोआप वाढतो, तिथेच सगळा खेळ बिघडतो. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर ब्रश उलटा ठेवून काटा शून्यावर आणा आणि हातानं दाबून बघा. शंभर-दीडशे ग्रॅमच्या पुढे आकडा गेला तर तुम्ही ब्रश फिरवत नाही, घासताय. हा आमचा घरगुती ठोकताळा, शास्त्र नव्हे. पण हाताला अंदाज येतो.

पावलांपासून सुरुवात. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, मग गुडघ्यापासून मांडीच्या वरपर्यंत, प्रत्येक वेळी वीतभर लांबीचा एकच फटकारा, खालून वर. ब्रश उचलायचा, खाली आणायचा, पुन्हा वर. मागे-पुढे खरडायचं नाही, आपण कढई घासत नाही आहोत. एका जागेवरून तीन-चारदा, बस. गुडघ्याच्या मागची लवण अलगद. हात बोटांपासून खांद्याकडे. पोटावर उजवीकडून वर, बरगड्यांखालून डावीकडे, मग डावीकडून खाली असा गोल, कारण मोठं आतडं त्याच वाटेनं जातं. पाठीवर जेवढा हात पोहोचतो तेवढंच.

चेहरा, गळ्याची पुढची बाजू, स्तनाग्रं, काखा, जांघा, उंच आलेले तीळ आणि चामखीळ, यांना हात लावायचा नाही. सगळं मिळून तीन ते पाच मिनिटं. नंतर कोमट पाण्यानं अंघोळ, कढत नाही. साबण काखा-जांघांपुरता. टॉवेलनं टिपायचं आणि अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर किंवा तेल. ही शेवटची पायरी गाळायची असेल तर पहिल्या सगळ्या करू नका. कोंडा झाडून उघडी पडलेली कातडी तशीच सोडली तर संध्याकाळपर्यंत आधीपेक्षा जास्त तडतडते.

आठवड्यातून दोनदा पुरतं. रोज नको.

तिरकीरेघ | शनिवार, दुपारी १२:२२

"आपण कढई घासत नाही आहोत" हे बाथरूमच्या दारावर पाटी करून लावण्यासारखं आहे. खाली "हुकुमावरून".

शंकासुर | शनिवार, दुपारी १:०५

धागाकर्तीच्या शेवटच्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही.

विषद्रव्यं कुठली, ती कुणी नाव घेऊन सांगत नाही. शरीरातला टाकाऊ माल यकृत आणि मूत्रपिंडं काढतात, थोडा फुप्फुसं. ब्रशमुळे निघतो तो कातडीचा सर्वात वरचा, आधीच मेलेला थर. तो थर किती? तळहात-तळपाय सोडले तर २० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे वहीच्या पानाच्या साधारण चौथाईएवढा. त्यातल्या पेशी तळातून वर येऊन झडायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्त. ब्रशनं ही झड थोडी उरकली जाते, एवढंच.

मांड्यांवरच्या खळ्यांचंही तेच. कातडीखालची चरबी आणि तिला खाली बांधून ठेवणारे तंतू यांच्या ओढाताणीतून त्या पडतात. ब्रशनं रक्त कातडीकडे येतं, कातडी थोडी फुगते, खळ्या तासभर कमी दिसतात. मग होत्या तशा. ब्रशच्या आधीचा-नंतरचा फोटो टाकणारे तो तासच पकडतात.

फिजिओ_फिरकी | शनिवार, दुपारी २:४०

शंकासुर, सहमत. लसिकेची भर घालतो.

लसिका वाहते ती स्नायूंच्या हालचालीनं, श्वासानं आणि लसिकावाहिन्यांच्या स्वतःच्या आकुंचनानं. झडपा असल्यामुळे ती उलट येत नाही. दिवसभरात दोन-तीन लिटर लसिका अशी रक्तात परत जाते, ब्रश असो वा नसो. जिना चढलात तरी पोटऱ्यांचा पंप चालतो.

सूज असलेल्या रुग्णांसाठी हातानं लसिका वाहवण्याची एक पद्धत आहे, १९३०च्या दशकात डॅनिश व्होडर दांपत्यानं बसवलेली. तिच्यात बोटांचा दाब इतका हलका असतो की कातडी फक्त ताणली जाते, घासली जात नाही. आणि क्रम? आधी मानेजवळचा आणि धडाचा भाग मोकळा करतात, मग हात-पाय. पुढचा रस्ता मोकळा नसताना मागून गर्दी ढकलून उपयोग नाही, लक्ष्मी रोडला गणपतीत अडकलेल्या कुणालाही विचारा. तळव्यांपासून वर ब्रश फिरवण्याचा त्या पद्धतीशी नात्यागोत्याचा संबंध नाही.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातावर, किंवा हत्तीपायाची सूज असलेल्या पायावर, ब्रश फिरवूच नका. बारीक ओरखडाही संसर्गाला पुरतो. फुगलेल्या निळ्या शिरांवरही नको.

मृगजळ | शनिवार, दुपारी ३:१०

म्हणजे उरलं काय?

शंकासुर | शनिवार, दुपारी ३:१२

कोंडा झडतो, मलम नीट पसरतं, अंगाला तरतरी येते. मला विचाराल तर तेवढंही पुष्कळ आहे. फक्त तेवढंच सांगून ब्रश महाग विकता येत नाही.

काढाकषाय | शनिवार, सायंकाळी ५:३०

हे खूळ बाहेरून आलंय असं वाटून कुणी नाकं मुरडत असेल तर थांबा. आपल्याकडे याचं अख्खं घराणं आहे. कोरडी चूर्णं अंगाला चोळणं ते उद्वर्तन, स्नेहासह (तेल-तूप लावून) चोळणं ते उत्सादन, आणि खरखरीत वस्तूनं घासणं ते उद्घर्षण. सुश्रुतानं उद्घर्षणात विटेचाही उल्लेख केलाय. रेशमी हातमोज्यांनी कोरडं अंग चोळतात त्या 'गर्शना'चं मूळ आपलं घर्षणच. योगचं योगा होऊन परत आलं तसं हेही परदेशवारी करून आलंय.

क्रमाबद्दल: वाग्भटाच्या दिनचर्येत आधी अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन, मग स्नान. म्हणजे तेल आधी. दिवाळीला आपण तेच करतो, तेल लावून मग उटणं. तेव्हा पाऊणशेर ताईंनी तेल शेवटी ढकललं ते मला पटलं नाही.

दोरखंड | शनिवार, सायंकाळी ६:०२

वैद्यबुवा, उटणं हे पीठ आहे. ते तेल शोषतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं. ब्रश तेल शोषत नाही, धरून ठेवतो. तेलकट तारांत कोंडा आणि धूळ बसते, पंधरा दिवसांत मुळाशी राखाडी चिखल होतो आणि खवट वास येतो. तो मग शाम्पूनंही निघत नाही. तेल आधी लावायचं असेल तर ब्रश नको, डाळीचं पीठ. ब्रश असेल तर तेल नंतर.

काढाकषाय | शनिवार, सायंकाळी ६:२०

हे मान्य. तेल आणि पीठ ही जोडी, कोरडा ब्रश हा वेगळा गडी. एका दिवशी दोन्ही करू नयेत हे मात्र माझं ठाम मत. आणि मसुराचं पीठ जाडसर दळलेलं असेल तर तेही ब्रशइतकंच खरवडतं. वस्त्रगाळच घ्या.

पाऊणशेर | शनिवार, सायंकाळी ६:२५

+१. बाजारातल्या काही उटण्यांत संत्र्याच्या सालीचे आणि बियांचे टोकदार कण असतात. चाळून बघा, किती उरतं ते.

अर्धीवाट | शनिवार, रात्री ८:५०

अवांतर: निसर्गोपचारातही हे जुनंच आहे. गार पाण्याच्या उपचाराआधी तळहातानं किंवा टॉवेलनं कोरडं घर्षण करून अंग तापवायचं, मग पाणी. जर्मनीतले पाद्री सेबास्टियन क्नाइप (१८२१-१८९७) यांचे जलोपचार गाजले आणि तिकडून ते वारं इकडेही आलं. पुण्याला तर त्याचा शेजारच आहे: ताडीवाला रोडचं बापू भवन (राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था), आणि उरुळीकांचनचा गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला आश्रम. त्या परंपरेत घर्षणाचा हेतू अंगात ऊब आणणं हा होता. कातडी सोलून गुळगुळीत करणं हा हेतू अलीकडचा.

खडकवासला_फुल्ल | शनिवार, रात्री ९:१५

गिझर यायच्या आधी थंडीत अंघोळीची हिंमत यावी म्हणून लोक आधी अंग चोळत, असं थोडक्यात.

चर्मचक्षू | रविवार, सकाळी ८:३०

कालपासून धागा वाचतोय. दाबाचा विषय पाऊणशेर यांनी चांगला मांडला, पण तो का महत्त्वाचा हे सुटलंय. आपल्याकडे घासण्याचा सर्वात मोठा तोटा ओरखडा नाही, काळेपणा आहे.

सावळ्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी थोड्या दुखापतीनंही चवताळतात. सतत घर्षण झालं की मेलॅनिन खालच्या थरात सांडतं आणि तिथे महिनोन्‌महिने बसून राहतं. १९८०च्या दशकात जपानमध्ये नायलॉनच्या टॉवेलनं अंग घासणाऱ्यांत असे तपकिरी पट्टे नोंदवले गेले. जागा ठरलेल्या: गळ्याखालची हाडं, खांद्याची पाती, पाठीच्या कण्याचे मणके, नडगी. म्हणजे कातडीखाली लगेच हाड आहे तिथे, कारण ब्रश किंवा टॉवेल तिथेच सर्वात जास्त दाबला जातो. आपल्याकडे पाठीवर आणि दंडांवर वाळूतल्या लाटांसारखे काळपट चट्टे दिसतात, त्यातल्या काहींत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठलेलं असतं, आणि घर्षण हे त्याचं एक नेहमीचं कारण.

गंमत पुढे आहे. तो काळेपणा मळासारखा दिसतो. म्हणून माणूस आणखी घासतो. म्हणून तो वाढतो. घासणी, वजरी, लूफा, लांब दांड्याचा ब्रश, जे हाताला लागेल ते घेऊन सहा महिने घासल्यावर लोक दवाखान्यात येतात आणि "मळ निघत नाही" म्हणतात. मान आणि काखा जाडसर, मखमलीसारख्या काळ्या पडल्या असतील तर तोही मळ नाही. तिथे वजन आणि साखर तपासायची असते, ब्रश नाही.

ओळख सोपी आहे. फटकाऱ्यानंतर हलकी लाली यावी आणि दहा मिनिटांत जावी. पांढऱ्या रेघा म्हणजे नुसता कोंडा, काळजी नाही. लाल रेघा उठून राहिल्या, अंघोळीच्या पाण्यानं चरचरलं, किंवा रात्री खाज आली, तर दाब जास्त झाला. दोन आठवडे बंद. पुन्हा तेच झालं तर ब्रश तुमच्यासाठी नाही, एवढं साधं.

चर्मचक्षू | रविवार, सकाळी ८:४५

कुणी अजिबात करू नये तेही लिहितो. सोरायसिस: जिथे कातडीला इजा होते तिथे नवीन चट्टे उगवतात. इसब. चामखीळ आणि पाणीदार पुळ्या: ब्रश त्यांचे विषाणू रेघेत पेरत जातो, अक्षरशः ओळीनं उगवतात. गजकर्ण: एका जांघेतून सगळ्या अंगावर, आणि ब्रशमधून घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर. (मेडिकलवाल्यानं दिलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम लावत असाल तर ते आधी थांबवून डॉक्टरांना दाखवा. खाज कमी होते आणि बुरशी वाढत राहते.) मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल तर पायांना नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नको. सत्तरीपुढच्यांची कातडी कागदासारखी असते, त्यांना नुसतं मलम.

रेटिनॉल किंवा आम्लयुक्त मलमं जिथे लावता तिथे ब्रश नको. वॅक्सिंगनंतर दोन दिवस जाऊ द्या.

सांडगे_पापड | रविवार, सकाळी ९:२०

हा प्रतिसाद छापून घराघरांत वाटायला हवा. मुलींच्या कोपर-गुडघ्यांना लिंबाची फोड आणि साखर घासण्याचा कार्यक्रम उन्हाळ्याच्या सुट्टीत जोरात असतो.

चर्मचक्षू | रविवार, सकाळी ९:३४

लिंबू लावून उन्हात गेलं तर वेगळीच भाजणी. रस लागलेल्या जागी ऊन पडलं की फोड आणि मग काळे ओघळ. ते घासूनही निघत नाहीत.

मृगजळ | रविवार, सकाळी १०:०५

चर्मचक्षू, दंडांच्या मागच्या बाजूला बारीक खरखरीत दाणे असतात, कोंबडीच्या कातडीसारखे. ब्रशनं जातात असं सगळीकडे लिहिलंय.

चर्मचक्षू | रविवार, सकाळी १०:४०

केसाच्या मुळाशी केराटिनचं बूच बसतं, ते दाणे. ब्रशनं बुचाचं टोक उडतं, दोन दिवस हात गुळगुळीत लागतो, मग पुन्हा. जोर केला तर प्रत्येक दाण्याभोवती लाल आणि नंतर तपकिरी ठिपका राहतो. त्यापेक्षा १० ते २० टक्के युरियाचं किंवा १२ टक्के लॅक्टिक आम्लाचं मलम रात्री लावा, सहा-आठ आठवडे धीर धरा. पूर्ण जातात असं नाही, वयाबरोबर बहुतेकांचे कमी होतात. मलम चालू असताना दंडांना ब्रश बंद.

पाऊणशेर | रविवार, सकाळी ११:१५

कोरडेपणाचं मूळही बघा. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर साबण फेसत नाही, म्हणून आपण जास्त लावतो, आणि क्षारांबरोबर मिळून त्याचा चिकट थर अंगावर राहतो. तो पांढरा थर कोंडा समजून ब्रशनं काढत बसण्यात अर्थ नाही. साबणाऐवजी सौम्य बॉडीवॉश घ्या, त्याचा तसा थर बसत नाही. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा ओतला तरी फरक कळतो.

खडकवासला_फुल्ल | रविवार, सकाळी ११:१८

वाघोलीत शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा! ताई, तुम्ही नक्की कोथरूडच्या.

हिरवीचिंच | रविवार, दुपारी १२:३०

ब्रशऐवजी घरच्या घोसाळ्याची जाळी चालेल का? वेलावर चार वाळली आहेत.

दोरखंड | रविवार, दुपारी १:१०

कोरडी नको, फार धारदार लागते. भिजवून, साबणाबरोबर, हलक्या हातानं. फळ वेलावरच तपकिरी होऊन हलवल्यावर बिया वाजल्या की काढा, साल सोला, बिया झटका, दोनदा धुऊन उन्हात कडक वाळवा. पण ती ओली लटकवून ठेवलीत तर आत जिवाणू वाढतात, स्यूडोमोनास वगैरे, आणि अंगावर पुळ्या येतात. रोज पिळून बाथरूमबाहेर वाळवा, तीन-चार आठवड्यांनी फेका. वेल असल्यावर काय तोटा.

ब्रशच्या देखभालीचंही इथेच लिहितो. प्रत्येक वापरानंतर तळहातावर उलटा आपटून कोंडा झाडा. पंधरा दिवसांतून एकदा वाटीभर कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू घालून फक्त तारा बुडवा. लाकूड बुडू देऊ नका, नाहीतर ते फुगतं, भोकं रुंदावतात आणि झुबके सुटतात. गरम पाणी किंवा जंतुनाशकात रात्रभर भिजवणं म्हणजे ब्रशची उत्तरक्रिया. वाळवताना तारा खाली. तारा वर ठेवल्या तर पाणी मुळात उतरतं आणि लाकडाला आतून बुरशी धरते.

जून ते सप्टेंबर बाथरूममध्ये ठेवूच नका. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ब्रशचं काय. सुती पिशवीत घालून हवेशीर खिडकीपाशी टांगा. मुळाशी काळे ठिपके दिसले तर धुवू नका, टाका. एरवी सहा महिने ते वर्ष चालतो. तारा एका बाजूला झुकल्या म्हणजे तुमचा दाब जास्त होता, नवीन घेताना लक्षात ठेवा.

आणि ब्रश ज्याचा त्याचा. नवरा-बायकोतही नाही.

तिरकीरेघ | रविवार, दुपारी १:२५

सप्तपदीत हे आठवं पाऊल घाला.

पाऊणशेर | रविवार, दुपारी १:४०

पावसाळ्यात तसाही ब्रश लागत नाही. हवेतच ओल असते, कोंडा कमी, आणि घामोळं किंवा बुरशी असण्याची शक्यता जास्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा याचा खरा मोसम. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात चालतं, पण सिंहगड चढून रापून आल्यावर चार-पाच दिवस नाही.

शंकासुर | रविवार, दुपारी २:०५

ब्रश न फिरवता नुसतं रोज अंघोळीनंतर दमट अंगाला मलम लावलं तर? म्हणजे पाऊणशेर यांची फक्त शेवटची पायरी?

चर्मचक्षू | रविवार, दुपारी २:५०

कोरडेपणा जायला तेवढं पुरतं. दहात आठ फायदा तिथेच आहे, हा आकडा मोजलेला नाही, हातचा आहे. ब्रश हा हौसेचा भाग. हौस असायला हरकत नाही, मोल देऊन केली म्हणजे झालं. मोल म्हणजे हलका हात.

मृगजळ | रविवार, सायंकाळी ६:१५

सगळ्यांचे आभार. म्हणजे टॅम्पिकोचा ब्रश, बुधवार आणि रविवार, फक्त पोटऱ्या, मांड्या आणि हात. दंडांना युरिया. नडगी आणि पाठ वगळायची. रोज अंघोळीनंतर मलम. रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल का, की ऑनलाइनच? लांब दांड्याचा बघून ठेवलाय.

दोरखंड | रविवार, सायंकाळी ६:४०

बोहरी आळीत ब्रशांचा ढीग मिळेल, पण बरेचसे काथ्या आणि नायलॉनचे, भांडी-फरशीसाठीचे. अंगाचा मागा, आणि मनगटावर फिरवून बघितल्याशिवाय घेऊ नका. तुळशीबागेत सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांतही विचारा.

पाठ वगळताय तर लांब दांडा कशाला? दांड्यानं तरफ होते आणि दाब कळत नाही. तळहातावर पट्टा बसतो तसला लंबगोल घ्या. स्वस्त पडतो, आणि हाताला लगेच समजतं.

तिरकीरेघ | रविवार, सायंकाळी ६:४४

घेतलाच असेल लांब दांड्याचा, तर आम्हाला द्या. माळ्यावरची जळमटं राहिलीत.